तीन आठवड्यांचा खाडा

माझ्या नवऱ्याला माझं सगळं ठाऊक आहे. माझी शुगर, माझा राग, कपाटात कुठल्या साडीखाली काय दडवलंय — सगळं. हे नाही. हे मी त्याला सांगितलं नाही, बहिणीला नाही, देवापुढे हात जोडतानाही मनात येऊ दिलं नाही. तुम्हाला सांगते. आजच का, ते विचारू नका — मलाही धड सांगता येणार नाही.

मी अकोल्यात चार पानी साप्ताहिक चालवते. सासऱ्यांनी सुरू केलेलं. अकोला आणि अमरावती, दोन्ही जिल्ह्यांतल्या छोट्या पेपरवाल्यांची आमची एक संघटना आहे, आणि तिच्यात कितीतरी वर्षं मी एकटीच बाई संपादक होते. एकटीच! बैठकीत मला पहिली खुर्ची. अधिकाऱ्यांपुढे निवेदन वाचायला मी, फोटोत मधोमध मी. त्यासाठी मी माझी बोलीसुद्धा घासूनपुसून घेतली होती — 'मले-तुले' टाकलं, 'मला-तुला' केलं. माहेरी गेले की आई म्हणायची, आली बाप्पा पुण्याची पाहुणी.

आमची मागणी साधी होती. तालुक्याच्या पेपराला दुकानदार दिवाळीत शुभेच्छांची एक जाहिरात देतो, संपलं. पेपर जगतो तो सरकारी जाहिरातींवर. आणि त्या बहुतेक जातात मोठ्यांकडे. तेव्हा सरकारनं छोट्या पेपरांचा वाटा वेगळा ठेवावा, म्हणून आम्ही वर्षानुवर्षं निवेदनं देत होतो. ती मीच लिहायची. सुरेख लिहायची हो — 'लोकशाहीचा चौथा स्तंभ', 'ग्रामीण पत्रकारितेची मुस्कटदाबी', सगळं त्यात असायचं. साहेब लोक मान डोलवायचे आणि कागद टेबलावर ठेवायचे.

मग वंदना आली.

दर्यापूरची. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. स्वतः बातमी गोळा करायची, स्वतः टाइप करायची, छापून झालं की स्कूटीवर गठ्ठा बांधून गावोगाव वाटायची. पेपराचं नाव 'खारपाण' — तिकडचं पाणीच खारं, म्हणून. मी मनात हसले होते नावाला. अमरावतीच्या मेळाव्यात माझं भाषण झालं, टाळ्या पडल्या, पडतात तितक्या. मग कोणीतरी तिला दोन शब्द बोलायला उठवलं. तिनं माईक धरला आणि म्हणाली, "आमच्या गावची बातमी मोठ्या पेपरात कवा येते? माणूस मेल्यावर. आमी जित्या माणसाची छापतो."

झालं. एवढंच बोलली. सभागृह उभं राहिलं.

मीसुद्धा उभी राहिले. टाळ्यासुद्धा वाजवल्या. आणि मनात एकच: मी जी भाषा लाज वाटून टाकून दिली, त्याच भाषेत ही पोरगी बोलते आणि साहेब वही काढून लिहून घेतात? त्या दिवसापासून मोहिमेचं घोषवाक्यच ते झालं. बॅनरवर तिचं वाक्य. शिष्टमंडळात तिचं नाव. पहिली खुर्ची — खरं सांगते, खुर्चीत मलाच बसवलं. वंदनाच म्हणाली, ताई, तुमी बसा. त्याचाही मला राग आला.

ती मला गुरू मानायची, हे अजून वाईट. तिच्या अंकातल्या चुका मी काढायची, ती मुकाट्यानं लिहून घ्यायची. मला तिच्यात खोट सापडत नव्हती. मी शोधत होते — रोज शोधत होते.

मग सापडली.

जाहिरात मिळायची तर सरकारी यादीत नाव लागतं, आणि यादीत राहायचं तर अंक दर आठवड्याला निघावा लागतो. सलग बुडाले की नाव जातं. अंक बुडाला त्याला आम्ही खाडा म्हणतो. आता छोट्या पेपरात खाडा कोणाचा होत नाही? पण आमच्यात एक रीत आहे — 'खाडा भरणं'. नंतर निवांत बसून मागल्या तारखेचे चार अंक छापायचे आणि फायलीत लावून द्यायचे. सगळे करतात. मी केलंय, एकदा नाही. आणि सरळ वाटही आहे: आजारपण असेल तर दवाखान्याचा दाखला जोडून अर्ज द्यायचा, साहेब खाडा माफ करतात. माझ्या ऑपरेशनच्या वेळी केला होता.

वंदनाला टायफॉइड झाला. तीन आठवडे अंक नाही. उठल्यावर तिनं काय करावं? पहिल्या पानावर चौकट छापली — 'आजारी होते. तीन अंक निघाले नाहीत. क्षमस्व.' आमच्या धंद्यात असं कोणी छापतं का? मी तरी पाहिलं नव्हतं.

वर्षाच्या अंकांची पडताळणी आली, अमरावतीच्या सरकारी ऑफिसात. ती गठ्ठा घेऊन आली, मीही माझा घेऊन गेले होते. बसस्टँडसमोर चहा घेतला, आलूबोंडा खाल्ला. तिनं गठ्ठा माझ्या पुढ्यात ठेवला. ताई, एक नजर टाका, मले यातलं कळत नाई. मग पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला आणि विचारलं, "दवाखान्याचा दाखला हाये माह्यापाशी. जोडू काय?"

इथे थांबते जरा.

'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर! तोंडाशी आलेलं. आणि मी म्हणाले, "नको गं. घरचं दुखणं सरकारी फायलीत कशाला? तू छापलंस तेवढं पुरे. राहू दे माझ्याकडे, लागला तर मी देईन." वर तो चौकटीचा अंक मीच गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला. खरेपणा दिसला पाहिजे, म्हणाले. तिचे डोळे भरून आले. दाखला माझ्या पर्समध्ये गेला.

यादी लागली, 'खारपाण' नव्हतं. 'अनियमित', एवढाच शेरा. तिचा फोन आला. ताई, तो दाखला दाखवता काय साहेबांले? मी दोन दिवस थांबून फोन केला आणि म्हणाले, दाखवला, खूप भांडले, ऐकत नाहीत. त्या दोन दिवसांत मी ऑफिसची पायरीसुद्धा चढले नव्हते. आधीचं एक वेळ जीभ घसरली म्हणता येईल — हे? हे तर दोन दिवस विचार करून बोलले.

ती सगळ्यांना सांगत फिरली, ताईनं माह्यासाठी लय धडपड केली.

सहा-सात महिन्यांत 'खारपाण' बंद पडला. शेवटच्या अंकात तशीच चौकट होती, त्याच जागी. 'पुढल्या आठवड्यापासून अंक निघणार नाही. क्षमस्व.' आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आमची मागणी मान्य झाली — छोट्या पेपरांना वाटा मिळाला. फक्त यादीतल्यांना. अकोल्यात माझा सत्कार झाला. भाषणात मी तिचं वाक्य म्हटलं, वऱ्हाडीतच म्हटलं, तिचं नाव न घेता. ती तिसऱ्या रांगेत होती. पहिली टाळी तिची.

एक राहिलं. दर्यापूरकडच्या एका नाल्यावर रपटा आहे, पाण्याखाली जाणारा बुटका पूल. त्याला कठडा नाही, हे वंदना दर दोन-तीन अंकांआड छापायची. मी तिला म्हटलंही होतं, तेच तेच काय छापतेस? पेपर बंद झाल्यावर ते कोणीच छापलं नाही. यंदा त्या रपट्यावरून एक शिक्षक मोटरसायकलसकट वाहून गेले. मोठ्या पेपरांत बातमी आली, फोटोसकट. मीही घेतली, पहिल्या पानावर. दाखला तेव्हाही माझ्या टेबलाच्या खणात होता. अजून आहे.

अंक निघाला त्या दिवशी दुपारी वंदनाचा फोन आला. आता ती एका दुकानात टायपिंग करते. म्हणाली, "ताई, तुमी छापलं, बरं झालं. कोणी तं छापाले पायजे होतं."

मी म्हणाले, हो.