हाकेला ओ देणाऱ्यांचे कान

शिकलेल्या माणसाचा मूर्खपणा फार पद्धतशीर असतो. मी तो सुरतजवळच्या उधन्यात, आप्पांच्या कारखान्याच्या आवारात, उघड्या डोळ्यांनी पाहिला.

आप्पा म्हणजे माझे वडील. खानदेशातून आले आणि जन्मभर पॉवरलूमवर उभे राहिले. त्या खडखडाटाने त्यांचे कान गेले होते. हे घरात सगळ्यांना कळत होतं, एक त्यांना सोडून. ते टीव्हीचा आवाज पार वाढवून ठेवायचे आणि वर चिडायचे, "आजकाल लोके तोंडमानतोंडमा बोलतस!"

अशात कारखान्यात कामगारांचे कान तपासायचं ठरलं. बऱ्याच जणांच्या कानांत दोष निघाला, तर जुन्या कामगारांना फोल्डिंगच्या शांत खोलीत बसवू, असं शेठने कबूल केलं होतं. आप्पांचं उरलंसुरलं ऐकणं वाचायला तेवढाच एक मार्ग होता. म्हणून त्या दिवशी डबा द्यायच्या निमित्ताने मी मुद्दाम गेले.

आवारात टेबल मांडून एक कडक इस्त्रीचे साहेब बसले होते. सगळ्यांना तपासायला वेळ नव्हता, म्हणून प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी एका डब्यात टाकली होती. साहेबांनी डबा चांगला खळखळून हलवला. मी क्लासमध्ये पोरांना संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे मला बरं वाटलं. प्रत्येकाला सारखी संधी. थोड्यांवरून सगळ्यांचा अंदाज बांधायचा तर असंच करायला हवं. म्हटलं, चला, याला काहीतरी येतंय.

मग त्या शहाण्याने चिठ्ठी उघडून नाव पुकारायला सुरुवात केली. तोंडाने! भिंतीपलीकडे माग धडधडत होते. मागांच्या शेडमध्ये कुणी कुणाला हाक मारत नाही. चहा हवा तर हाताची खूण, शेठ आला तर डोक्याला हात. साहेबांना असल्या गावठी गोष्टींशी काय देणंघेणं? ज्याने ओ दिली तो आत तपासायला जायचा. ओ नाही आली की माणूस गैरहजर, चिठ्ठी टोपलीत आणि लगेच दुसरी चिठ्ठी.

आणि आप्पांचं नाव निघालं.

आप्पा समोरच्याच बाकावर तंबाखू मळत बसले होते. साहेबांनी पुन्हा नाव घेतलं. आता कुणाचा नंबर लागतो म्हणून आप्पा कौतुकाने साहेबांकडेच बघत राहिले. शेजारी बसलेल्यांनी तरी कोपराने ढोसायचं, पण तेही त्याच शेडमधले. चिठ्ठी टोपलीत गेली.

मी तडक पुढे झाले. "साहेब, ते काय समोर बसलेत. त्यांना ऐकू आलं नाही."

"बेन, एवुं ना चाले," साहेब हसून म्हणाले. "नियम एटले नियम. ओळखीने माणूस घुसवला, तर आखुं सॅम्पल बगडी जाय."

मला त्या हसण्याची किळस आली. मी म्हटलं, "अहो, ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाच तुम्ही वगळताय!" त्यांनी मान डोलावली आणि पुढची चिठ्ठी उघडली. शेठने माझ्याकडे असं बघितलं, की आप्पांच्या नोकरीसाठी मी गप्प बसले.

संध्याकाळी निकाल लागला. तपासलेल्यांपैकी जवळजवळ सगळ्यांचे कान ठणठणीत, सबब मागांचा कानांना त्रास नाही. शेठने साहेबांना शाल दिली. फोल्डिंगच्या खोलीचा विषय तिथेच मिटला.

घरी जाताना आप्पा खट्टू होते. "मना नंबरच उना नही," म्हणाले. मग विचारलं, "साहेब काय बोलना?"

"सगळ्यांना नीट ऐकू येतं म्हणाले."

"काय?"

मी रस्त्यात थांबले, त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि ओरडून तेच पुन्हा सांगितलं. येणारेजाणारे वळून बघायला लागले.

आप्पांचा चेहरा खुलला. "मंग मना कान बी चांगलाच व्हतीन," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागावर जाऊन उभे राहिले.