शेवटून वाचलेलं पुस्तक

आमच्या ताईला सात दिवसांत काहीही शिकायचं नव्हतं. एवढी साधी गोष्ट पुस्तकाच्या दुकानदाराच्या गळी उतरायला अर्धा तास लागला, आणि मला त्याचा अजूनही राग येतो.

ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. वय त्रेपन्न, बोलणं मोजकं, चालणं भरभर. कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यात ती एकतीस वर्षं कार्डं सांभाळते. पाय हवा असलेला माणूस आला की मापं घेणारा एका पिवळ्या कार्डावर आकडे लिहितो आणि ते कार्ड ताईच्या खोलीत येतं. दोन-तीन वर्षांनी तोच माणूस परत येतो, कारण उरलेला पाय तसाच राहत नाही, बारीक होतो, सुजतो, लहान मुलांचा तर वाढतो. मग नवं माप, नवं कार्ड, जुन्या कार्डाच्या पाठीमागे. भिंतभर खण आहेत. कार्ड खोलीबाहेर न्यायचं नाही हा तिचा नियम. डॉक्टर असो की मोठे साहेब, ज्याला बघायचंय त्यानं दाराजवळच्या लोखंडी स्टुलावर बसायचं, बघायचं आणि हातात परत द्यायचं. एकदा साहेब बोलता बोलता कार्ड खिशात घालून निघाले, तर ही जिन्यापर्यंत मागे गेली आणि घेऊन आली. तेव्हापासून कारखान्यात तिला कार्डबाई म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही.

त्या खणांमध्ये माझ्या नवऱ्याची अकरा कार्डं आहेत. चौदाव्या वर्षी त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. ताई तेव्हा बावीसची, तीच त्याला ह्या कारखान्यात माप द्यायला घेऊन गेली होती. त्या लोकांनी माप घेतलं आणि आठवड्यात कार्ड हरवलं. जखम अजून ओली, आणि त्यावर पुन्हा फीत गुंडाळून माप घ्यायचं. पोरगं किंचाळत होतं म्हणे. ताईनं त्याला शांत केलं, बाहेर आली आणि तिथल्या साहेबांना म्हणाली, "उद्यापासून कार्डं मी सांभाळते." अर्ज वगैरे नंतर झाला. त्याच्या तिसऱ्या कार्डावर तिनं मापं घेणाऱ्याकडून एक ओळ लिहून घेतली आहे: बाहेरच्या बाजूला हाड टोचतं, करंगळीएवढी जागा सोडा. तेव्हापासून त्याचा प्रत्येक पाय ती जागा सोडून बनला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, मी त्याला लंगडताना फार कमी पाहिलंय.

तर यंदा कारखान्यात डेटाबेस आला. तो बसवायला एका कंपनीचा माणूस आला, बारा महिने गळ्यात टाय, म्हणून मी त्याला टायवाला म्हणते. त्यानं प्रत्येक माणसाला एक ओळ दिली. नाव, वय, बाजू, मापं, नग. नवं माप भरलं की जुनं पुसलं जाणार. पहिल्याच आठवड्यात एक पोस्टमन आला, दोन्ही पाय गेलेला. ओळीत बाजूची चौकट एकच. भरणाऱ्यानं लिहिलं, डावा, नग दोन. मागच्या खोलीतल्या कारागिरांनी डेटाबेसमधून निघालेल्या चिठ्ठीवर आलं ते केलं. पोस्टमनच्या पुढ्यात दोन डावे पाय ठेवले. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "आता मी गोल गोल फिरत पत्रं वाटू का?" सगळे हसले. ताई हसली नाही.

तिनं टायवाल्याला विचारलं, "ह्याची जुनी मापं कुठे गेली?"

"अपडेट झाली."

"म्हणजे पुसली."

"ताजं माप असलं की जुनं कशाला लागतं? महिनाअखेरीला ही सगळी कार्डं रद्दीत जाणार आहेत, साहेबांशी बोलणं झालंय. आणि बाई, तुम्हाला डेटाबेसमधलं काय कळतं?"

ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथे असते तर त्याचा टाय त्याच्याच चौकटीत कोंबला असता. ताई घरी आली, चहा प्यायली आणि म्हणाली, "वहिनी, उद्या पुस्तकाच्या दुकानात जायचंय. पिशवी मजबूत घे."

दुकानदारानं आम्हा दोघींकडे पाहिलं आणि वरच्या फळीवरचं एक पातळ पुस्तक काढलं. सात दिवसांत डेटाबेस. आत चित्रं, प्रत्येक पानावर एक हसरा उंदीर. "तुमच्यासाठी हेच सोपं पडेल," असं म्हणाला. तुमच्यासाठी म्हणजे कुणासाठी, हे मी विचारणार होते, पण ताईनं माझा हात दाबला. तिनं पर्समधून एक पिवळं कार्ड काढलं, मापं न भरलेलं. त्यावर वर कारखान्यातल्या सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्तीचा नंबर, खाली तीन प्रश्न. एका माणसाची दहा मापं कशी ठेवायची. जुनं न पुसता नवं कसं लिहायचं. चुकून पुसलं तर परत कसं आणायचं.

मग तिनं पुस्तक उलटं केलं आणि शेवटून उघडलं.

"बाई, पुढून बघा ना, पहिला धडा छान आहे."

"पहिला धडा सगळ्यांचा छान असतो," ताई म्हणाली. "मला वस्तू कुठे ठेवलीय ते सांगणारं पान बघू दे."

शेवटच्या सूचीत कुठला शब्द कुठल्या पानावर आहे ते लिहिलेलं असतं. ज्या बाईनं एकतीस वर्षं खणांवर चिठ्ठ्या लावल्या ती दुसरं काय बघणार? पातळ पुस्तकाला सूचीच नव्हती. ते बाजूला. दुसरं चकचकीत होतं, पण जुन्या आवृत्तीचं. तेही बाजूला. तिसऱ्यात परीक्षेचे प्रश्न आणि उत्तरं. त्याच्या सूचीत दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचं पान दिलं होतं, पण ताईनं ते काढून पाहिलं तर तिथे भलतंच होतं. "सूची खोटी बोलते," असं म्हणून तिनं तेही ठेवलं. दुकानदार आता घड्याळ बघायला लागला होता. मी मुद्दाम स्टूल ओढून बसले.

चौथं तळाच्या फळीवर होतं, धूळ खात. अकराशे चाळीस पानं. संपूर्ण संदर्भ मार्गदर्शक, असं कव्हरवर साध्या अक्षरांत. चित्रं नाहीत. सूचीच अडतीस पानांची. ताईनं पहिला प्रश्न शोधला, पान काढलं, वाचलं. दुसरा. तिसरा. प्रत्येक वेळी सूचीनं सांगितलं त्याच पानावर ते सापडलं. ती बराच वेळ वाचत उभी राहिली.

"हे जाडजूड घेऊन काय कराल? ज्यांचं आयुष्य ह्यात गेलंय ते लोक हे वापरतात."

"माझंही ह्यातच गेलंय," ताई म्हणाली. "बांधून द्या."

रोज सकाळी सहा ते साडेसात स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते पुस्तक उघडं. मी पोळ्या लाटायची, ती वाचायची, आणि पानांवर पीठ पडलं की माझ्याकडे अशी बघायची की मीच पुसून द्यायची. नवरा म्हणायचा, "ताई, हे माझ्या पायापेक्षा जड आहे. पाय मोडला तर हेच मला लावून दे." दुपारच्या सुट्टीत ती कारखान्यात तिच्याच खोलीतल्या संगणकावर शिकलेलं करून बघायची. कार्ड घरी आणलं नाही हो तिनं, नियम तिलाही लागू. तिनं दोन टेबलं केली. एकात माणसं, दुसऱ्यात मापं. माणसाची ओळ एक, मापांच्या ओळी हव्या तितक्या, प्रत्येकीला तारीख, बाजू आणि शेऱ्याची चौकट. दोघांना जोडणारा एक नंबर. मला हे सांगताना ती इतकी खुलायची की माझी आमटी दोनदा लागली.

दहाव्या दिवशी ती घरी आली आणि चपला न काढता बसून राहिली. एक चुकीची कमांड दिली, आणि साठ माणसांची भरलेली सगळी मापं गेली. मी तिला तोंड पाडून बसलेलं एकोणीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. मला इतकं वाईट वाटलं की मीच म्हणाले, "ताई, सोडा आता. खूप झालं."

"सोडा?" तिनं मान वर केली. "तिसरा प्रश्न मी मागे ठेवला होता, माझीच चूक." तिनं पुस्तक शेवटून उघडलं, बॅकअपचं प्रकरण काढलं आणि वाचायला बसली. दुसऱ्या दिवशी साठ कार्डं पुन्हा खणातून काढली आणि पुन्हा भरली.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी माझ्या नवऱ्याच्या बाराव्या पायाची चाचणी होती. मी सोबत गेले. पाय टायवाल्याच्या डेटाबेसवरून बनला होता. त्यानं घातला, चार पावलं टाकली आणि भिंत धरली. मोजा काढला तर बाहेरच्या बाजूला, हाडापाशी, सोललेलं. रक्त आलं होतं. तो खाली वाकून रक्त पुसायला लागला. मी बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही.

माझा आवाज ऐकून मोठे साहेब आले, मागोमाग टायवाला. रद्दीवाल्याचा टेम्पो खाली उभाच होता. ताई म्हणाली, "साहेब, माझ्या खोलीत या." तिथे टायवाल्याला तिनं सांगितलं, "माझ्या भावाचं माप काढा." त्याच्या पडद्यावर एक ओळ आली. ताजं माप, अचूक. पाय बनवणारा कारागीर मागून आला होता, तो म्हणाला, "जागा सोडायचं चिठ्ठीवर नव्हतं."

मग ताई बसली. तिनं एक नंबर टाकला. बारा ओळी आल्या, चौदाव्या वर्षापासून आजपर्यंत. तिसऱ्या ओळीपुढे शेऱ्याच्या चौकटीत तेच शब्द होते, करंगळीएवढी जागा सोडा.

साहेबांनी पडद्यावर बोट ठेवून ती ओळ वाचली. टायवाला म्हणाला, "ठीक आहे, असं करता येईल. मग तर कार्डांची गरजच नाही."

"आहे," ताई म्हणाली. तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं, शेवटून उघडलं आणि पान काढून साहेबांकडे फिरवलं. "इथे लिहिलंय, प्रत दुसऱ्या जागी ठेवा. माझी साठ माणसं ह्याच यंत्रातून पुसली गेली, मीच पुसली. परत आली ती ह्या खणातून. एकदा ह्या कारखान्यानं कार्ड हरवलं तेव्हा माझ्या भावाच्या ओल्या जखमेवर पुन्हा फीत बांधली होती. आज परत रक्त आलंय. टेम्पोत कार्डं जाणार असतील तर आधी मला न्या."

साहेबांनी खिडकीतून खाली ओरडून टेम्पो परत पाठवला. मग कारागिराला म्हणाले, "ह्यांचा पाय आजच दुरुस्त करा. आणि इथून पुढे कार्डबाई म्हणतील तसं टेबल." पहिल्यांदा कुणी तिच्या तोंडावर कार्डबाई म्हणालं, आणि तिनं ते ऐकून घेतलं.

सगळे गेले. टायवाला मागे रेंगाळला. पुस्तक उचलून त्यानं वजन बघितलं, मग मागची सूची चाळली. "बाई, हे मी दोन दिवस घरी नेऊ का?"

ताईनं त्याच्या हातातून पुस्तक घेतलं आणि दाराजवळच्या लोखंडी स्टुलाकडे बोट दाखवलं. तो बसला. मग तिनं पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं.

"शेवटून उघडा," ती म्हणाली.