खोबरेलाच्या चिंध्या

काल नातीच्या केसांना खोबरेल लावताना पन्नास वर्षांपूर्वीचं भाईंदरचं घर आठवलं. आई जाऊन महिना झाला होता. तिचं हाताचं शिलाई मशीन फिरेना, म्हणून बाबांनी ते ओट्यावर खोललं.

"मशीनचं तेल न्हाय हे. तुझ्या आईनं केसांचं खोबरेल घातलंय, सगळं चिकटलंय."

मी वाकून वास घेतला. तिच्या वेणीचाच होता. बाबा एकेक भाग रॉकेलमध्ये बुडवून पुसत होते आणि मी त्यांना चिंध्या देत होते. रडू आलं नाही.

संध्याकाळी चाक एका बोटानं फिरलं.

"बघ, नवीन झालं," बाबा म्हणाले.

मशीनला आता नुसता रॉकेलचा वास येत होता. आईचं खोबरेल चिंध्यांत उतरलं होतं. त्या चिंध्या मीच गोळा करून चुलीत घातल्या.