तोंड तेलाकडे

आमच्याकडे कामाला एक गृहस्थ होते; कोणतीही वस्तू हातात आली की ते ती दोनदा उलटीसुलटी करत आणि विचारत, "ह्याचं त्वांड कुनीकडं?" मग ती कुदळ असो, औषधाची बाटली असो की माझ्या नावाने आलेले पाकीट. एकदा एका पाहुण्याने त्यांच्याकडे छत्री धरायला दिली, तर तिच्याबद्दलही हाच प्रश्न.

नातवंडांनो, तुम्ही तिकडे चकचकीत ट्रॅक्टर बघता. मार्गासनीचा आमचा ट्रॅक्टर तसा नव्हता. तुमच्या आजोबांनी तो जुनाच घेतलेला, लोखंडी चाकांचा. समोरून हँडल मारून चालू करावा लागे, आणि चालू झाला की वाडीतली कुत्री डोंगराकडे पळत. त्याची सगळी देखभाल या गृहस्थांकडे होती. मूळचे ते विहिरीतून पाणी ओढायच्या चामड्याच्या मोटा शिवणारे. विहिरींवर इंजिने बसू लागली, मोटा गेल्या, हातातली आरी रिकामी झाली. मग हा ट्रॅक्टर आला आणि ते त्याच्याजवळ जाऊन बसले, ते बसलेच.

एका वर्षी भात निघाल्यावर ट्रॅक्टर पुढून तेल गाळू लागला. इंजिनाचा मुख्य दांडा समोरच्या झाकणातून बाहेर येतो, तिथे तेल अडवायला चामड्याची कडी असते. तिला सील म्हणतात. तिचा भुगा झाला होता आणि पुण्यात तशी दुसरी मिळेना. आजोबा म्हणाले, "वावरातली ओल उडायच्या आत हरभरा पेरायचाय. आठवड्यात गळती थांबली तर ठीक. नाहीतर हा विकायचा, भोरचं गिऱ्हाईक तयारच आहे."

"आठवडा लई झाला, मालक," ते म्हणाले. पण त्यांचा हात ट्रॅक्टरवर होता, तो तिथून हलला नाही.

त्यांनी जुन्या मोटेचे चामडे कापले, कोमट तेलात मुरवले आणि लाकडी ठोकळ्यावर ताणून कडी घडवली. तिची एक कड ओठासारखी वळलेली. रेडिएटर उतरला, पुली निघाली, झाकण सुटले. प्रत्येक बोल्टखाली आकड्याची चिठ्ठी ठेवून मी ते जुन्या चादरीवर ओळीने मांडले.

"बाईसायेब, नटं पंगतीला बसवली जनू. वाढा आता भात!"

ट्रॅक्टरबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक वाचून दाखवायचे काम माझे होते. मी पान उघडून उभी राहिले.

"ह्याचं त्वांड कुनीकडं?"

चित्रात कडीचा ओठ अगदी स्पष्ट दिसत होता. मी म्हणाले, "आपल्याकडे. बाहेर."

त्यांनी कडीच्या ओठावरून अंगठा फिरवला. "मोटंचं चामडं पान्याच्या दाबानंच घट्ट बसतंय. मला आपलं वाटतंय, त्वांड तेलाकडं पायजे."

"पण पुस्तकात असं आहे."

"पुस्तकात हाय म्हंजी हाय," असे म्हणून त्यांनी लगेच कडी फिरवली.

सगळे पुन्हा जोडायला सहावा दिवस उजाडला. इंजिन सुरू झाले. पाच मिनिटे काही नाही, मग एक थेंब, मग धारच. मी घाईने पान उलटले. मागे लिहिले होते, चित्र झाकणाच्या आतल्या बाजूचे आहे; म्हणजे ओठ आत, तेलाकडेच हवा होता.

"कोणी उलटी बसवली?" आजोबांनी विचारले.

मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "म्या बसवली, मालक. माझंच चुकलं."

मी तेव्हा बोलायला हवे होते. पुस्तक मिटून तशीच उभी राहिले. आजोबा दुपारच्या एसटीने भोरला गेले आणि गिऱ्हाइकाला शब्द देऊन आले.

दोन दिवसांनी या गृहस्थांनी दुसरी कडी घडवली आणि या वेळी मला न विचारता तिचे तोंड तेलाकडे केले. तासभर इंजिन चालले. खाली अंथरलेला कागद कोरडाच राहिला. पण दिलेला शब्द आजोबा मागे घेणारे नव्हते.

मी या गृहस्थांना एकटे गाठून विचारले, "तुम्हाला ठाऊक होतं ना? मग माझं का ऐकलंत?"

"तुमी शिकल्याल्या."

"आणि चूक स्वतःवर का घेतलीत?"

त्यांनी पाना हातात दोनदा फिरवला. त्याचे तोंड मात्र विचारले नाही. "मालकांचं आन तुमचं घर हाय, बाईसायेब. माझं काय, इंजन," म्हणाले आणि उठून गेले. याचा अर्थ मी अजून लावते आहे. कधी वाटते, त्यांनी मला वाचवले. कधी वाटते, माझ्यामुळे काय गेले ते त्यांनी नीट सांगितले, मलाच ऐकू आले नाही.

ट्रॅक्टर गेला त्या सकाळी तेही त्याच्याबरोबर निघाले, नव्या मालकाला हँडल मारायला शिकवायला म्हणून. ते परत आले नाहीत. चाकावरच्या पत्र्यावर ते उलटे बसले होते, चालवणाऱ्याकडे पाठ आणि तोंड आमच्या घराकडे. मी हात वर केला. त्यांनी केला नाही. ते आमच्याकडे बघत होते, की मागे सुटणाऱ्या रस्त्यावर तेल पडतेय का ते बघत होते, मला आजही सांगता येत नाही.

ते दिसेनासे झाल्यावर मी रस्त्यावर उतरले आणि खाली बघत पार ओढ्यापर्यंत गेले. एकही थेंब नव्हता.