गोजराक्कांची बाकी

यशवंतपूरच्या आमच्या गल्लीत विठोजी राहायचे. कारखान्यात लेथवर आयुष्य गेलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांची बायको गोजराक्का हृदयाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली, तेव्हा त्यांनी मुलाला विचारलं, "यशू, कशानंही भाग न जाणारी मोठी संख्या सांग."

यशोवर्धन इंदिरानगरला संगणकाच्या कंपनीत होता. त्यानं सहज सांगितली: एकाची बत्तीस वेळा दुप्पट करायची आणि वर एक मिळवायचा. ४,२९,४९,६७,२९७.

मग रोज संध्याकाळी विठोजी पाटीवर तिला एकेका मूळ संख्येनं भागू लागले. नजर अधू झालेली, म्हणून मूळ संख्यांच्या यादीतले आकडे मी वाचायचो. माझी रंगभूमी सुटली तरी आवाज शाबूत होता. मला आणि यशोवर्धनलाच त्यांनी सांगितलं होतं, "अण्णा, बाकी उरते तोवर गोजरा उरते."

सहाशे एकतीस झाली, त्या रात्री फाटकापाशी यशोवर्धननं मला थांबवलं.

"अण्णा, चुकलं माझं. पूर्वीच्या एका मोठ्या गणितज्ञालाही ती अभंग वाटली होती. पण सहाशे एक्केचाळीसनं भाग जातो. निःशेष."

"मग सांग बापाला."

"कसं सांगू? त्या बाकीच्या जोरावर तर ते आईला हसत औषध पाजतायत."

पुढची संख्या नेमकी तीच होती. मला एकच आशा होती. विठोजी जन्मभर कन्नडमध्ये मोजत आलेले; तिथं दशक आधी, एकक नंतर. मराठी आकडा ऐकला की आधी ऐकलेला अंक आधी लिहायचे. रोज मी सुधारायचो. दुसऱ्या संध्याकाळी मात्र गप्प राहायचं ठरवलं.

"सहाशे एक्केचाळीस," मी म्हणालो.

त्यांनी ६१४ लिहिलं. खडू सावकाश उतरत गेला.

"बाकी चारशे सत्तावन्न," ते म्हणाले आणि खुलले.

"अहो," खाटेवरून पाटीकडे पाहत गोजराक्का म्हणाल्या, "चौदा कुठले? सम संख्येनं विषमाला कधी भाग गेलाय? एक्केचाळीस म्हणाले अण्णा. चार आधी. झोपेत वाचताय का अण्णा तुम्ही?"

मी हसलो. इतकं वाईट सोंग मी कधी वठवलं नव्हतं.

विठोजींनी पाटी पुसली. पुन्हा मांडलं. बाहेर भाजीवाला ओरडत होता, तो गल्लीच्या टोकाला गेला तरी खडू चालूच होता. वजाबाकी लहान होत गेली. मग वरचा आकडा आणि खालचा आकडा एकच झाला. त्यांनी रेघ ओढली आणि रेघेखाली काहीच लिहिलं नाही.

"किती आली बाकी?" अक्कांनी विचारलं. त्यांना हा नवऱ्याचा विरंगुळा वाटायचा.

विठोजींनी पाटीवर तळवा ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"एक," ते म्हणाले.

"सरी, बरं झालं. स्वल्प का होईना, उरली." अक्कांनी डोळे मिटले. "दिवा लावा आता. अंधार झाला."

दिवा लागलेलाच होता.