भोक पाडलेलं ताट

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. कुणी असलं काही सांगायला लागलं की मीच त्याची टिंगल करायचो. पण हे एक प्रकरण असं आहे की... असो. वाचा आणि तुम्हीच सांगा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मासेपालनाच्या खात्यात नोकरीला, बिऱ्हाड शिवाजी पेठेत. नेसरीजवळच्या एका गावतळ्यात तिथल्या ठेकेदार गफूरचाचांनी मासे सोडलेले. पाणी हिरवंगार झालं आणि मासे वर येऊन तोंड वासायला लागले, म्हणून मला तपासायला जायचं होतं. त्यासाठी काळी-पांढरी रंगवलेली चकती दोरीनं पाण्यात सोडतात. ती किती खाली गेल्यावर दिसेनाशी होते, त्यावरून पाण्याची तब्येत कळते. नेमकी ऑफिसची चकती दुसऱ्या साहेबांनी गगनबावड्याला नेलेली. बायको माहेरी. मी फडताळातलं एक स्टीलचं ताट काढलं, मधोमध भोक पाडलं, वर ऑइलपेंट फासला... झाली चकती तयार!

तळ्यात सोडली, हातभर खाली जाताच दिसेनाशी झाली, आणि — दोरी तुटली. ताट गेलं तळाला. म्हटलं, जाऊ दे, एका ताटाचं काय एवढं!

ही माहेराहून आली, फडताळ उघडलं आणि घर डोक्यावर घेतलं. "माझ्या आईनं नाव घालून दिलेलं ताट हुतं ते! आई तर गेली, तेवढीच आठवण राहिलेली की वो! ताट आणा, न्हायतर मी उलट्या पावली चालले माहेरी." आणि रडायलाच लागली. भांडण परवडलं असतं, रडणं नाही.

पुन्हा नेसरीची एसटी धरली. गावातल्या दोघा-तिघांनी बुड्या मारल्या. ताट काय सापडेना.

गफूरचाचा म्हणाले, "सायेब, ह्ये तळं पूर्वी लग्नाला भांडी द्यायचं. काठावर येऊन मागायची, काम झालं की घासून परत करायची. कुणीतरी एक पळी ठेवून घेतली, तवापास्नं बंद झालं. मागून तर बघा."

"चाचा, तुम्हीपण?"

"माझं काय जातंय? ताट तुमचं, बायकू तुमची."

भर दुपार. इकडंतिकडं बघितलं, हात जोडले, डोळे मिटले. शरमेनं मेल्यासारखं झालं. पुटपुटलो, "हिच्या आईचं ताट आहे. द्या की."

डोळे उघडले तर तळ्याच्या पायरीवर ताट! रंगाचा ठिपका नाही, लखलखीत. त्यावर हिचं नाव, खाली 'आईकडून'. आणि मधलं भोक गायब! बोट फिरवून बघितलं, साधा ओरखडा लागेना. वर ताटात मूठभर साखर... कोरडी ठणठणीत!

चाचांकडं बघितलं, तर ते कानाला हात लावून मागं सरकत होते. "या अल्ला! मी तर चेष्टा करत हुतो की वो!"

पाणी मात्र होतं तेवढंच हिरवं. त्याला शेवटी चुनाच टाकावा लागला.

साखर रुमालात बांधून ताट घरी आणलं आणि भीतभीत सगळं सांगितलं. वाटलं, ही घाबरणार. हिनं ताट छातीशी धरलं, डोळे पुसले, साखरेची चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाली, "बघा! दुसऱ्याचं भांडं रिकामं धाडलं न्हाय. तळ्याला रीत कळते. तुमच्या बहिणीला इतक्या वर्षांत कळली न्हाय."

ते भोक कसं बुजलं, याचं उत्तर माझ्याकडं आजही नाही. बहिणीचं तर त्याहून नाही.