नाशकातला गोल

देवळाली कॅम्पात लष्कराच्या मैदानाला चिकटून एक वस्ती होती. तिथल्या बाया मैदानाच्या कडेला वाळवणं घालायच्या आणि जवानांचा बॉल पापडात येऊन पडला की त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. कुसाबाई निरभवणे मात्र गप्प राहायची. कारण बॉल परत मारायला तिचीच दोन पोरं धावलेली असायची. थोरला बहिरू, त्याच्या पाठचा बुधा. त्यांचा बाप सावळीराम ऑफिसरांच्या मेसमध्ये भांडी घासायचा. तो लवकर वारला, आणि मेसमधलं ते काम कुसाबाईकडे आलं. पोरं मैदानावरच वाढली.

बहिरूच्या डाव्या पायात काहीतरी होतं. बॉल पायाला लागला की सुटायचा नाही, आणि सुटला की दिसायचा नाही. आता मारणारा एक असला की अडवणारा एक लागतोच. दोन दगड मांडून बुधा त्यांच्यामध्ये उभा राहायचा. त्याला कुणी विचारलं नव्हतं की तुला गोलकीपर व्हायचंय का म्हणून. दादाला कुणीतरी पाहिजे होतं, एवढंच.

असंच एकदा बहिरूनं जीव खाऊन बॉल हाणला. बुधा उजवीकडं झेपावला आणि त्याचा हात दगडावर आपटला. मनगट मोडलं. भगूरच्या हाडवैद्यानं बांधून दिलं, हाड सांधलं; पण ते मनगट पुन्हा मागं वळलं नाही. जमिनीलगतचा बॉल उजवीकडं आला की बुधाचा हात जरासा उशिरा आणि जरासा तोकडा पडायचा. ही गोष्ट घरातल्या माणसांपलीकडं कुणाला ठाऊक नव्हती. पुढं बुधा खेळायला उतरला की दोन्ही मनगटांना पट्ट्या बांधायचा. दुखतंय कुठलं, ते समोरच्याला कळू नये म्हणून.

सत्तर साली मुंबईच्या एका मिलच्या टीमनं बहिरूला नेलं. हजेरीपटावर नाव फोल्डिंग खात्यात, काम मैदानावर. वस्तीनं त्याला हार घालून बसस्टँडवर पोचवला. पहिल्या वर्षी त्यानं कूपरेजच्या मैदानावर बरेच गोल केले. मग एक मोठा खेळाडू दुखापतीतून बरा होऊन आला आणि बहिरू बाकावर बसला. तिथून गोव्याच्या एका क्लबनं बोलावलं. त्यांच्या पुढच्या फळीतला एकजण आखातात गेला होता. गोव्यातून कलकत्त्याला. तिथल्या एका लहान क्लबातून खेळताना त्यानं एका बड्या टीमला हेडरनं हरवलं. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर नेलं, आणि पुढच्या आठवड्यात क्लबचा जुना सेंटर फॉरवर्ड परत आला. बहिरू जिथं गेला तिथं तो दुसऱ्या कुणाच्या तरी जागी गेला. ती जागा कधी त्याची झाली नाही. आई लग्नाचं काढायची. "पुढच्या सीझनला बघू," तो म्हणायचा. बघून ठेवलेल्या मुलींची घरं कंटाळून दुसरीकडं सोयरिकी जमवून मोकळी झाली.

बहिरू सुट्टीला घरी आला की बुधा त्याला सोडायचा नाही. प्रत्येक गोल पहिल्यापासून सांगायला लावायचा.

"कीपर कुठं उभा होता, दादा?"

"पुढं आला होता."

"मग चूक त्याचीच. मी असतो तर आलो नसतो पुढं."

"तू असतास तर मी मारला नसता," बहिरू हसून म्हणायचा.

बुधाही खेळतच होता. सातपूरच्या एका कारखान्यानं टीम काढली होती. टीममधली पोरं कारखान्यात हंगामी कामावर. सहा महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा काम. सगळ्यांचे डोळे कायम होण्याकडं लागलेले. बुधा त्यांचा कीपर. पट्ट्या बांधलेल्या हातांनी त्यानं ती टीम वर्षानुवर्षं सांभाळली. त्याचं लग्न झालं, चतुराबाई घरात आली, दोन लेकरं झाली, तरी नोकरी हंगामीच.

एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात नाशकात मोठी स्पर्धा भरली. तोवर बहिरू फिरत फिरत पुन्हा मुंबईच्या दुसऱ्या एका मिलकडं आला होता. तिशी गाठलेली. डाव्या गुडघ्यात पाणी व्हायचं, ते काढून तो खेळायचा. मिलची टीम स्पर्धेला आली आणि सामने जिंकत फायनलला पोचली. समोर कोण, तर सातपूरचा कारखाना.

फायनलच्या आदल्या दिवशी बहिरू घरी जेवायला गेला. दोघं भाऊ एका ताटात जेवायला बसले. भाकरी मोडता मोडता बुधा म्हणाला, "साहेबानं शब्द दिलाय. उद्या कप आला की टीममधल्या सगळ्यांना कायम करणार."

बहिरूचा घास हातातच राहिला. त्याच्या मॅनेजरनं सकाळीच त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पुढच्या वर्षी केरळातला पोरगा येतोय. उद्या काही दाखव, नाहीतर मला तुला ठेवता यायचं नाही." हे त्यानं घरी सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "चांगलंय की."

"उद्या तुम्ही दोघं बी जिंका," चुलीजवळून कुसाबाई म्हणाली, आणि दोघंही हसले. आपण काय चुकीचं बोललो ते तिला कळेना.

फायनलला अख्खी वस्ती आली होती. निम्मी बहिरूच्या नावानं ओरडत होती, निम्मी बुधाच्या, आणि बरीचशी दोघांच्याही. बुधा त्या दिवशी असा खेळला की मुंबईवाले एकमेकांकडं बघू लागले. कोपऱ्यातले बॉल काढले, डोक्यावरून जाणारे काढले. बहिरूचा एक जोरदार फटका त्यानं छातीवर घेतला आणि उठताना भावाकडं बघून डोळा मारला. मॅच संपत आली तरी गोल नाही.

मग मधल्या फळीतून एक लांब पास आला. बॅक घसरला, आणि बहिरू एकटाच पुढं निघाला. समोर फक्त बुधा. बुधा पुढं आला नाही, जागेवरच उभा राहिला. अशा वेळी माणूस विचार करत नाही असं म्हणतात. बहिरूनं केला. तेवढा वेळ त्याला मिळाला होता. मान वर करून त्यानं बघितलं, आणि जमिनीलगत, भावाच्या उजव्या हाताला बॉल ठेवला. जोरात मारलासुद्धा नाही. तिकडं जोर लागत नव्हता.

त्याच्या टीमनं त्याला मिठ्या मारल्या. बुधानं जाळ्यातून बॉल काढला आणि मध्यावर फेकला. मॅच संपल्यावर तो स्वतः चालत आला. "चांगला मारलास, दादा," म्हणाला. आवाजात काही नव्हतं, रागही नाही. त्याच संध्याकाळी मिलची बस मुंबईला निघाली. बहिरूला घरी जाऊन येता आलं असतं. तो गेला नाही.

पुढच्या महिन्यात गिरण्यांचा संप सुरू झाला. तो मिटलाच नाही. ज्या टीममध्ये राहण्यासाठी त्यानं तो गोल केला, ती टीम पुन्हा मैदानावर उतरली नाही. मनमाड, भुसावळ, इगतपुरी, जिथं कुणी बोलावलं तिथं तो रोजावर खेळला, आणि एका सामन्यात गुडघा असा फिरला की बॉल कायमचा सुटला. तो देवळालीत परतला आणि एका शाळेत वॉचमन म्हणून लागला.

बुधा तिथं नव्हता. कारखान्यानं टीम बंद केली आणि हंगामी पोरांना पुन्हा बोलावलंच नाही. बुधा बायकोपोरांना घेऊन चांदवडला गेला होता, कांद्याच्या खळ्यावर गोण्या भरायला.

भावाकडं जायला बहिरूला दोन वर्षं लागली. गेला तेव्हा बुधा ट्रकवर गोण्या चढवत होता. दादाला बघून त्यानं उडी मारली, गळ्यात पडला, चतुराबाईला मटण करायला लावलं, लेकरांना सांगितलं की हा तुमचा काका, यानं कलकत्ता गाजवलंय. बहिरूला ते ऐकवेना. जेवण झाल्यावर दोघं बाहेर बाजेवर बसले तेव्हा तो म्हणाला, "बुधा, त्या दिवशी मी मुद्दाम तिकडं मारला."

"ठाऊक हाय."

"मला ठेवणार नव्हते पुढं. म्हणून..."

"असंल." बुधा तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, "मी डावीकडं झुकलो होतो, दादा. अख्खी दुनिया उजव्या हाताला मारंल, पण तू मारणार नाय, असं धरून चाललो होतो. माझा अंदाज चुकला. कीपरचं असंच असतं."

बहिरूनं तोंड फिरवलं. त्याला शिवी पाहिजे होती, थोबाडीत पाहिजे होती. बुधानं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तोच वाकडा हात, आणि आतून पाणी आणायला उठला.

शहाऐंशीत कुसाबाई गेली. दोघा भावांनी तिला खांदा दिला. पुण्यानुमोदनाला भिक्खू आले, वस्ती जमली, लोक जुन्या गोष्टी काढून बोलले. त्या फायनलचं कुणी काढलं नाही. घर रिकामं झालं तेव्हा बहिरू म्हणाला, "आता तू इकडंच ये. खोल्या पडून आहेत. चतुराबाईला, पोरांना घेऊन ये. मी एकटाच आहे."

बुधानं दारातून बाहेर बघितलं. जवान खेळत होते.

"नको," तो म्हणाला. "इथं सारखं मैदान दिसतं."

बहिरू त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेला. वाटेत कांद्याचे भाव, पोरांची शाळा, चतुराबाईची पाठदुखी असं बोलणं झालं. गाडी आली. बुधा वाकून दादाच्या पाया पडला, कंडक्टरला चांदवड सांगितलं, आणि खिडकीशी जाऊन बसला. गाडी वळेपर्यंत तो हात हलवत होता. बहिरू बराच वेळ स्टँडवर उभा राहिला. मग शाळेची पाळी होती, म्हणून लंगडत तिकडं गेला.